शेठनी राजीनामा देणाऱ्याच्या वडिलांना फोन केला. यात चूक काय?

प्रश्न (कुंडईकर):
गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या दीडेकशे माणसांच्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळतो. आमचे शेठ चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवडाभर आधी उचल देतात, कामगारांच्या मुलांच्या प्रवेशासाठी स्वतः खटपट करतात आणि कोणाच्या घरी आजारपण असले तर आपली गाडी पाठवतात. गेल्या महिन्यात एका तरुण अभियंत्याने राजीनामा दिला, तेव्हा त्याच्याशी चकार शब्द न बोलता शेठनी त्याच्या वडिलांना फोन लावला आणि ‘पोराला जरा समजवा’ असे सांगितले. वडील आमच्याकडूनच निवृत्त झालेले. त्यांना शेठनी आठवण ठेवली याचेच अप्रूप वाटले. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ओळखपत्र ठेवून निघून गेला, नोटिशीची मुदतही त्याने पाळली नाही. ‘माझे चुकले काय?’ असे शेठ मला अजून विचारतात. ही रीत फक्त आपल्याकडचीच आहे का?

उत्तर १ (व्यवस्थापनाची शिक्षिका, पणजी):
मुळीच नाही. या प्रकाराला पालकत्ववादी नेतृत्व म्हणतात. तैवान आणि हाँगकाँगमधल्या अभ्यासकांनी २००० साली त्याचे तीन पदर सांगितले: धाक, माया आणि स्वतःच्या वागण्यातून घालून दिलेला नैतिक आदर्श. पुढच्या अभ्यासांत माया आणि आदर्श यांच्यामुळे माणसे कामाशी बांधली जातात, धाकामुळे सहसा दुरावतात, असे दिसून आले. त्याच वर्षी संशोधक झैनेप आयजान आणि सहकाऱ्यांनी दहा देशांची तुलना प्रसिद्ध केली. तीत भारत, पाकिस्तान, चीन आणि तुर्कस्तान येथे ही वृत्ती ठळक आढळली. तथापि पाश्चात्य देश यापासून मुक्त होते असे समजू नये. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणारे कारखानदार जॉर्ज पुलमन यांनी कामगारांसाठी घरे, दुकाने, ग्रंथालय असे अख्खे नगर वसवले. १८९३ च्या मंदीत त्यांनी मजुरी कापली, पण घरभाडे तसेच ठेवले, आणि १८९४ मध्ये तिथला संप देशभरच्या रेल्वेला भिडला. घर देणारा आणि पगार कापणारा एकच असला की तक्रार न्यायची कोणाकडे?

उत्तर २ (डिचोलीचा निवृत्त पर्यवेक्षक):
आपल्याकडे मालकाला ‘पात्रांव’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘पात्रांव’वरून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘बाप’ या शब्दात आहे. तेव्हा शेठनी आपल्याला बाप समजणे भाषेला तरी धरून आहे! पण आमची पिढी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारे मुंडकार म्हणून वाढली. भाटकार अडीअडचणीला धावून येई हे खरे, आणि त्याची मर्जी गेली तर डोक्यावरचे छप्पर जाईल ही धास्तीही खरी. १९७५ च्या मुंडकार कायद्याने आम्हांला माया दिली नाही, हुसकावून लावण्यापासून संरक्षण दिले. पुढे मी खाणीवर लागलो, तिथेही सणाची भेट चुकली नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर मात्र जे कागदावर होते तेवढेच हाती आले. तेव्हापासून कोणी काही दिले की मी ‘हे लिहून मिळेल का?’ असे विचारतो. लोकांना ते उर्मटपणाचे वाटते.

उत्तर ३ (वेर्ण्याची नोकरदार):
मी सर्व काही नियमाने चालणाऱ्या कंपनीत आहे. सासूबाई गेल्या तेव्हा रजा संगणकाने मंजूर केली. साहेबांनी आठवडाभरानंतरही ‘कशा आहात?’ असे विचारले नाही. त्यामुळे गाडी पाठवणाऱ्या शेठना मी नावे ठेवणार नाही. फोन मात्र त्या मुलालाच करायला हवा होता. तो अज्ञान बालक नव्हे, त्याने स्वतःच्या सहीने राजीनामा दिला होता.

कुंडईकर:
सर्वांचे आभार. उचलीची रक्कम, पात्रता आणि परतफेड यांचा लेखी नियम करावा आणि सही माझ्या विभागाने करावी, असा प्रस्ताव मी काल शेठपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मग चवथीला माझ्या केबिनीत येणार कोण?”