'सिंगल'ला मराठीत काय म्हणायचं? एकल की सुटं?

परवा भाच्याला डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' ऐकवत होतो, तर तो विचारतो मामा हे सिंगल आहे, म्हणजे वेगळं विकायला काढलेलं एकच गाणं, की अल्बममधलं, मी म्हटलं दोन्ही, ते काही त्याला पटेना. मराठीत समजावून सांगायला गेलो आणि तिथंच अडलो. 'एकल' वाचलंय मी, पण कानाला खटकतं. एकल गायन, एकल पालक, म्हणजे एकट्याचं ना? इथे तर पाच जण आहेत, गिलन गातोय, ब्लॅकमोरची गिटार, लॉर्डचा ऑर्गन, ग्लोव्हर बेसवर, पेस ड्रम्सवर. एकल कसं म्हणू?

— 'सुटं गाणं' म्हणा की. या गाण्याला तर अगदी फिट बसतं. 'मशीन हेड' अल्बम आला 1972 च्या मार्चमध्ये, त्यातून बँडनं आधी 'नेव्हर बिफोर' सुटं काढलं होतं, 'स्मोक ऑन द वॉटर'वर त्यांचा तेवढा भरवसाच नव्हता. मग 1973 मध्ये अमेरिकेत हे काढलं, साडेपाच मिनिटांच्या वरचं गाणं कापून चारच्या आत आणलं आणि ते बिलबोर्डवर, म्हणजे तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, चौथ्या नंबरपर्यंत गेलं. वहीतून पान सुटं करतो तसंच झालं ना हे.

— पण मग 'ब्लॅक नाइट'चं काय करायचं? त्यांचंच, 1970 चं, इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरवर गेलेलं. ते 'इन रॉक' अल्बममध्ये नव्हतंच, सिंगल म्हणूनच आलं. जे कशात बांधलेलंच नव्हतं ते सुटं कसं होणार? मला 'स्वतंत्र गाणं' बरं वाटतं.

— सुटं तेल म्हणतो ना आपण? वाण्याकडे पत्र्याच्या डब्यातून मापानं काढून आपल्या बाटलीत ओतून देतात ते, ते कधी पिशवीत बंद नव्हतंच तरी सुटंच. म्हणजे सुटं पानही आणि सुटं तेलही, दोन्ही अर्थ एकाच शब्दात आधीपासून आहेत, 'स्मोक' पहिल्यातलं आणि 'ब्लॅक नाइट' दुसऱ्यातलं. 'स्वतंत्र' म्हटलं की पहिला अर्थ हातचा जातो, शिवाय चाल दुसऱ्याची नाही असंही कुणाला वाटेल.

— आमच्या घरात जुनी माणसं 'छोटी रेकॉर्ड' म्हणायची, पण ती वेगळी. काकांच्या कपाटात सात इंची तबकड्या आहेत, कागदी पाकिटाच्या कडा पिवळ्या पडल्यात, त्यावर सिनेमाची चार गाणी, दोन या बाजूला दोन त्या बाजूला. आकार सिंगलचाच पण ते सिंगल नाही, म्हणून तबकडीवरून नाव देऊ नये असं माझं मत. आणि क्रियापद मात्र जुनंच ठेवा, 'रिलीज झालं' कशाला, 'गाणं निघालं' म्हणायचे सगळे. सुटं निघालं, अल्बममधून निघालं, छान जुळतं.

— सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला सुटं तेल सांगितल्यावर लगेच कळलं. पण आता त्याचा पुढचा प्रश्न आलाय आणि तो मलाही पडलाय. 'स्मोक'च्या अमेरिकेतल्या तबकडीवर एका बाजूला स्टुडिओतलं आणि उलट्या बाजूला तेच गाणं जपानच्या कार्यक्रमातलं होतं. या बी साइडला काय म्हणायचं? 'मागची बाजू' म्हणतात, पण ती बाजू झाली, त्यावरच्या गाण्याला शब्द हवाय. पाठचं गाणं? जोडगाणं? कुणाच्या घरात काही म्हणत असतील तर सांगा.