निर्गुडीचा अर्क: पोट आखडणं कमी झालं, हॉट प्लेटवर काहीच फरक नाही

प्रश्न (तापीकाठ, शिरपूर):
नमस्कार. एम.फार्म.ला आहे. विषय निर्गुडीच्या पाल्यातले वेदनाशामक घटक. आमच्याकडे गुडघे धरले की बांधावरचा निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधतात, आजी अजूनही बांधते. म्हणून विषय हट्टाने घेतला. उंदरांना अर्क तोंडावाटे दिला. ॲसिटिक ॲसिड टोचल्यावर पोट आखडणं बरंच कमी झालं, पण ५५ अंशांच्या हॉट प्लेटवर (गरम पत्र्यावर उंदीर किती वेळाने पंजा चाटतो ते मोजतात) अर्क न दिलेल्या कंट्रोल गटापेक्षा वेगळं काहीच नाही. सर म्हणतात, डोस वाढव. वाढवू का?

उत्तर (मेहरूण, जळगाव):
ताई, डोसला एवढ्यात हात लावू नका. ॲसिटिक ॲसिडने पोटाच्या आवरणात प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दाह-वेदना वाढवणारे पदार्थ, वाढतात, तिथे डायक्लोफेनॅकसारखी दाह कमी करणारी औषधं चालतात. हॉट प्लेटवर पंजा चाटायचा वेळ लांबवतं ते मुख्यतः मॉर्फिनच्या जातीचं औषध. ॲस्पिरिनचाही तिथे सहसा निभाव लागत नाही. म्हणजे तुमचा अर्क दाहावर चालत असू शकतो, निकाल फुकट गेलेला नाही.

पण नुसत्या पोट आखडण्यावर माझा भरवसा नाही. उंदीर गुंगीत असला किंवा स्नायू सैल पडले, तरी आकडा कमीच येतो. आधी रोटारॉड करा. अर्क दिलेला उंदीर फिरत्या दांड्यावर कंट्रोलइतका टिकला, तर पंजात फॉर्मॅलिन टोचून बघा. पहिली ५ मिनिटं थेट मज्जातंतूंची वेदना, साधारण १५ ते ३० मिनिटांत दाहाची. अर्क फक्त दुसऱ्या टप्प्यात चालला, तर तुमचा धागा हाती लागला. मंजुरीत या चाचण्या नसतील तर प्राणी नैतिकता समितीकडे आधी सुधारित अर्ज द्या. आणि हॉट प्लेटवर १५ सेकंदांत हालचाल नसेल तर उंदीर उचलाच. पंजा भाजला तर त्या जिवाचे हाल आणि आकडाही वाया.

उत्तर (देवपूर, धुळे):
खोलीचं तापमान लिहून ठेवता का? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो, वीज गेली की प्राणिगृह तापतं. शेपटीची कातडी आधीच गरम असेल तर टेल फ्लिकला (शेपटीला उष्णता देऊन करायची वेदनेची चाचणी) उंदीर शेपूट लवकर झटकतो. शिवाय वेळ मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळता कामा नये.

प्रश्नकर्ती:
धन्यवाद सर, दादा. रोटारॉड लॅबमध्ये आहे, सोमवारी समितीला अर्ज देते. अर्क सीएमसीत (पाणी घट्ट करणारा डिंकासारखा पदार्थ) मिसळला होता, तेच माध्यम ठेवू ना?

मेहरूण, जळगाव:
हो, तेच. आणि गुंगी आणणारं डायझेपाम दिलेला एक गट ठेवा, नाहीतर तुमचा रोटारॉड गुंगी पकडतो हे परीक्षकांना दाखवणार कशावरून?