मदत हवी आहे: ग्राफिक्सवर लोड आला की जुना लॅपटॉप क्रॅश, आता संशय पॉवर सेक्शनवर

लॅपटॉप ९ वर्षं जुना, विंडोज १०. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आहेच, शिवाय २ जीबीची वेगळी चिप. थ्रीडी काही चालू केलं की १०-१५ मिनिटांत स्क्रीन काळी होते. कधी परत येते (विंडोजच्या नोंदींत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ४१०१: ड्रायव्हर अडकून सावरला), कधी थेट निळी स्क्रीन: व्हिडिओ टीडीआर फेल्युअर. म्हणजे चिपने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही. पण ती का अडकते?

सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून पुसणारं टूल) ड्रायव्हर काढून, नेट बंद ठेवून (नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं) कंपनीचा मूळ ड्रायव्हर टाकला. फरक शून्य. पंखा साफ, पेस्ट नवी. चिप ७४ अंशांवर असतानाही क्रॅश. मेमटेस्ट (रॅमची चाचणी) स्वच्छ.

डिव्हाइस मॅनेजरमधून वेगळी चिप बंद केली की मशीन दिवसभर नीट चालतं. आफ्टरबर्नरमध्ये (ग्राफिक्सचा वेग बदलणारं सॉफ्टवेअर) कोअर क्लॉक १५० मेगाहर्ट्झने उतरवला तर क्रॅश बराच उशिरा होतो, मेमरी क्लॉक उतरवून मात्र काहीच होत नाही. म्हणून व्हीरॅमपेक्षा (ग्राफिक्सची मेमरी) चिपला वीज देणाऱ्या मॉसफेटवर माझा संशय. त्यांचं तापमान इथे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, आणि त्यांच्यावरचे थर्मल पॅड जुनेच, कडक झालेले आहेत.

पॅड ०.५ मिमीचे घ्यावेत की १ मिमीचे, हे नेमकं कसं ठरवता? जाड पडले तर हीटसिंक उचलला जाऊन चिपला टेकणारच नाही. दबलेला जुना पॅड मोजून भरवसा वाटत नाही. लोड असताना कोअर व्होल्टेज मल्टिमीटरने कॉइलवर मोजलंय का कुणी? किती घसरण चालते?

टीडीआर डिले (ती २ सेकंदांची मुदत) वाढवणं आणि हीटगनने रीफ्लो (चिपखालचं सोल्डर पुन्हा वितळवणं), हे दोन सल्ले कृपया नकोत.