आंब्याच्या खोडावरचा हा नेचा कोणता?

रानवाट: सावंतवाडीहून आंबोलीकडे जाताना दाणोलीजवळच्या दाट झाडीत एका जुन्या आंब्याच्या खोडाला वेढून बसलेला नेचा दिसला. त्याची काही पाने हातभर लांब, हिरवी आणि खोलवर कातरलेली आहेत. मात्र बुडाशी वीतभर लांबीची, तपकिरी, कागदासारखी कडक पाने खोडाला चिकटून उभी आहेत आणि ती वाळलेली असूनही गळत नाहीत. जागेचे मालक याला बांडगूळ समजतात व दिवाळीनंतर खरवडून काढणार आहेत. ही जाती कोणती, आणि तिच्यामुळे झाडाला खरोखर अपाय होतो का?

हिरवा कातळ: वर्णनावरून हे बाशिंग, म्हणजे ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया, असावे. तपकिरी पाने रोगट नाहीत. या नेच्याला दोन प्रकारची पाने येतात: हिरवी पाने अन्न तयार करतात आणि बीजाणू धरतात, तर बुडाची पाने हिरवेपणा गेल्यावरही जागेवर राहून वरून पडणारा पालापाचोळा अडवतात, जो तिथेच कुजतो आणि ज्यात नेच्याची मुळे पसरतात. नवरदेवाच्या कपाळी बांधावे तशी ती खोडाला बांधलेली दिसतात. मला हे नाव फार नेमके वाटते. खात्रीसाठी हिरवे पान उलटून पाहावे. लगतच्या दोन ठळक आडव्या शिरांमध्ये बीजाणूंच्या बारीक गोल ठिपक्यांच्या दोन ओळी असतील, तर शंका उरणार नाही.

देवराईकर: कृपया खरवडू देऊ नका. बांडगुळाची मुळे फांदीच्या आत शिरून रस शोषतात, बाशिंगाची मुळे सालीवरच राहतात. हाच नेचा कातळावर आणि जुन्या भिंतींवरही वाढतो, जिथे शोषायला झाडच नसते. फांदी आधीच कुजलेली असेल, तर ओल्या गुच्छाचा भार तिला पेलणार नाही, एवढेच पाहावे. उन्हाळ्यात हिरवी पाने गळून तपकिरी खवल्यांनी झाकलेले जाड खोड उरते. तेव्हा तो मेला असे समजून पुष्कळ जण तो उपटतात.

रानवाट: आज शिडी लावून पाहिले. ठिपक्यांच्या ओळी सांगितल्याप्रमाणेच आहेत, आणि तपकिरी पानामागे बोट घातले तर आत काळे, ओले खत व एक इवलीशी गोगलगाय होती. मालकांना कातळाचे उदाहरण दिले, तेव्हा ते मला परसदारी घेऊन गेले. त्यांच्या जुन्या गडग्यावर हेच बाशिंग कित्येक वर्षे वाढते आहे. आंब्यावरचे आता तसेच राहील.