मदत हवी आहे: गाठीची बरणी फ्रीजमध्ये ठेवू की बाहेर? लवकर सांगा

तापीकाठ_चोपडा: काल दुपारी गाठ काढली, बरणीत टाकून हातात दिली आणि जळगावला लॅबमध्ये द्या म्हणे. आज रविवार, लॅब बंद. उद्या कानबाई देवीचं विसर्जन, म्हणजे मंगळवार उजाडणार. घरात कानबाई बसलीय आणि बायको म्हणते ही बरणी फ्रीजमध्ये नको म्हणजे नको. फ्रीज की बाहेर एवढंच सांगा, भाषण नको.

जिभाऊ: कोणाची गाठ, कुठली, केवढी? काहीच न सांगता काय सांगणार भो.

केळीवाला_यावल: माझ्या पाठीवर लिंबाएवढी होती, चरबीची निघाली. कापायची घाई कशाला केली, आधी सुईची तपासणी करायची ना.

भुसावळकर: सुई टोचली की कॅन्सर पसरतो. आमच्या मामांचं तेच झालं.

लॅबवाली: भुसावळकर, मामांना आजार होता म्हणून सुई टोचली, टोचली म्हणून आजार नाही झाला. सुईने पसरणं फार क्वचित. सुईत नुसत्या पेशी येतात, अख्खी गाठ मिळाली तर पेशींची मांडणी दिसते, कडा साफ आहेत का, म्हणजे आजार मागे राहिला का, तेही कळतं. चोपडावाले, बरणीत काय आहे? फॉर्मॅलिन (तुकडा टिकवायचं रसायन) की सलाईन (नुसतं मिठाचं पाणी)?

तापीकाठ_चोपडा: पाण्यासारखं आहे. वास घेऊन बघू?

लॅबवाली: अजिबात उघडू नका, फॉर्मॅलिन डोळ्यानाकाला झोंबतं. डॉक्टरांना फोन करून विचारा. 10 टक्के फॉर्मॅलिन असेल आणि ते तुकड्याच्या दहापट असेल तर बाहेरच ठेवा, मंगळवारपर्यंत काही होत नाही. सलाईन असेल तर आतल्या आत सडायला लागलं असणार, आजच बदलून घ्या. फ्रीजरमध्ये कशातच नको, बर्फाचे खडे पेशी फाडतात.

भुसावळकर: मी म्हणतो सरळ परळला टाटाला जा, रात्रीची गाडी आहे.

जिभाऊ: बरणी मांडीवर घेऊन?

केळीवाला_यावल: महात्मा फुले योजनेत बसतं का बघा, रेशन कार्ड लागेल.

जिभाऊ: त्याने पैशाचं विचारलंच कुठं.

तापीकाठ_चोपडा: फोन केला, कंपाउंडरने सलाईनच टाकलं होतं!! दवाखाना उघडायला लावला आणि आत्ता फॉर्मॅलिन टाकून आणलं. गाठ वडिलांच्या गालात होती, आतून. तंबाखू 30 वर्षांपासून.

जिभाऊ: हे पहिलेच सांगाले काय झालतं तुले?

लॅबवाली: मग मंगळवार कशाला, उद्याच द्या. कागदावर लिहा: वय, तंबाखू, उजवा की डावा गाल, किती तास सलाईनमध्ये होतं. हे लपवू नका, रिपोर्ट वाचणाऱ्याला लागतं. बरणीवर वडिलांचं नाव हवं, ते पण झाकणावर नाही, अंगावर. झाकणं बदलतात.

तापीकाठ_चोपडा: ताई, डावा. नाव झाकणावरच होतं, आता खाली पण चिकटपट्टी लावली. उद्या पहिल्या एसटीने निघतो, विसर्जनाला धाकटा भाऊ आहे.

भुसावळकर: आणि कानबाईच्या प्रसादाचे रोट कोण संपवणार? भाऊबंदांबाहेर देता पण येत नाहीत.