रविवारी आपण विसावतो. पण आपली ऑर्डर आणणाऱ्याचं काय?

पहाटवारा

उपासना संपते, आशीर्वाद होतो, आणि दारापर्यंत जायच्या आत निम्म्या मंडळीचे अंगठे फोनवर फिरायला लागतात. कुणी जेवण मागवतं, कुणी किराणा, कुणी पुढच्या आठवड्याचे कपडे. मग घरी जाऊन आपण 'प्रभूचा दिवस' पाळतो. मला या सवयीवर उघड वाद घालायचा आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ख्रिस्ती माणसाने रविवारी स्वतः काम न करण्यावर थांबू नये. अडलेलं नसेल तर त्याने दुसऱ्यालाही कामाला लावू नये. बायबलमधलं अनुवाद 5:14 पुन्हा वाचा. विसाव्याची आज्ञा घरधन्याला दिली आहे, पण यादी बघा: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका. तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, हे तिथे कारण म्हणून दिलं आहे. लगेच पुढच्या वचनात मिसर देशातल्या गुलामीची आठवण करून दिली आहे. ज्यांना कधीकाळी सुट्टी नव्हती, त्यांनी दुसऱ्याची सुट्टी खाऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ.

यहूदाचा अधिपती नहेम्या याच्या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात तर आजचंच चित्र आहे. सोर शहराचे व्यापारी शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवशी, यरुशलेमेत मासे आणि नाना तऱ्हेचा माल विकत होते. नहेम्याने आदल्या संध्याकाळीच वेशी बंद करवल्या. व्यापारी एकदोनदा तटाबाहेर मुक्काम ठोकून बसले, तेव्हा त्याने त्यांना दम देऊन घालवलं. पण त्याआधी तो कुणावर रागावला? सोरच्या व्यापाऱ्यांवर नव्हे, यहूदाच्या प्रतिष्ठितांवर, म्हणजे ज्यांच्या डोळ्यांदेखत आणि ज्यांच्या शहरात हा बाजार चालला होता त्यांच्यावर. आज ती वेस आपल्या खिशात आहे आणि ती बंद करणं आपल्या हातात आहे.

रात्रपाळी

पहाटवारा, तळमळ पोचली, पण मत पटलं नाही. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रविवारी व्हेंटिलेटर बंद होत नाही. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. वार कुठला हे त्या पाठीला कळत नाही. 'अडलेलं नसेल तर' असं तुम्ही म्हणता, पण अडलंय की नाही हे ठरवणार कोण? बारा तास उभी राहून मी घरी येते तेव्हा गॅस पेटवायचं त्राण नसतं. मी जेवण मागवलं तर ते अडलेलं की चैन?

लूक 13 मध्ये अठरा वर्षं वाकलेल्या बाईला प्रभूने शब्बाथ दिवशी सरळ उभं केलं. तेव्हा सभास्थानाचा अधिकारी म्हणाला, कामाला सहा दिवस आहेत, त्या दिवशी या. त्याचा नियम चुकीचा नव्हता. पण नियम सांभाळताना त्याला समोरची बाई दिसली नाही. मला तुमच्या मांडणीत तीच भीती वाटते.

आणखी एक. पहिल्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी होतीच कुठे? सुमारे इ.स. 112 मध्ये प्लिनी या रोमन सुभेदाराने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. उजाडण्याआधी, कारण त्यातल्या कित्येकांना दिवसा राबायचं होतं, असं मला वाटतं. प्रेषितांची कृत्ये 20 मधला युतुख खिडकीत बसून पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून पडला, तो प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं म्हणून. दिवसभर काम करून आलेला तरुण मला तरी त्यात दिसतो. सुट्टीचा कायदा आला 321 मध्ये, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने, आणि त्यातही शेतकऱ्यांना सूट होतीच. म्हणजे जवळपास तीनशे वर्षं मंडळी सुट्टीशिवाय जगली आणि वाढली.

सातवा दिवस

रोमकरांस पत्र 14:5 वाचावं. कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. प्रत्येकाची आपल्या मनाशी खात्री असावी, एवढंच पौल मागतो. मी स्वतः शनिवार पाळतो, आणि तो तुमच्यावर लादत नाही.

पहाटवारा

सातवा दिवस, दिवस कोणता यावर माझा वाद नाही. तुम्ही शनिवार पाळा, पण तुमच्या शनिवारी तुमच्यासाठी कोण राबतंय, हा प्रश्न तसाच राहतो.

रात्रपाळी, तुमच्या जेवणावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. कूस बदलणं हे दयेचं काम आहे आणि त्याला शास्त्राची पूर्ण मुभा आहे. पण तुमची थकवा आलेली रात्र पुढे करून मंडळीतल्या सगळ्यांना सूट द्यायची का? रविवारी दुपारी मोबाइलचं कव्हर मागवणाऱ्याला कुठला रुग्ण आहे?

अमेरिकेतल्या जेराल्ड ग्रॉफ यांचं प्रकरण बघा. ते टपाल वाटणारे ख्रिस्ती कर्मचारी. टपाल खात्याने ॲमेझॉनची पार्सलं रविवारी वाटायला घेतली, ग्रॉफ यांनी नकार दिला, शिस्तभंगाच्या कारवाया झाल्या, आणि 2019 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. 2023 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला: धार्मिक सवलत नाकारायची तर मालकाला धंद्यावर मोठा बोजा पडतो हे दाखवावं लागेल. एका माणसाला आपला रविवार वाचवण्यासाठी इतक्या वर जावं लागलं. आणि त्या पार्सलांवर किती ख्रिस्ती घरांचे पत्ते असतील?

वाटेवरचा

ग्रॉफ यांनी नाकारलेले रविवार सहकाऱ्यांच्या वाट्याला आले आणि तिथे कुरबुर झाली, हेही त्याच खटल्यात आहे. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण त्यांचा विसावा दुसऱ्या कुणाच्या पायांवर उभा होता. हे लपवू नये.

आता माझं. मी दुचाकीवर ऑर्डरी पोचवतो. ख्रिस्ती आहे. रविवार हा आमचा कमाईचा दिवस. ठरावीक फेऱ्या पूर्ण झाल्या तरच वरची रक्कम मिळते, आणि एक फेरी कमी पडली तर ती सगळीच जाते. तुम्ही सगळ्यांनी रविवारी मागवणं थांबवलंत तर मला विसावा मिळणार नाही. मी सिग्नलच्या कडेला फोनकडे बघत बसेन, तेवढाच बदल.

एकदा उपासना सुटायच्या वेळी मंडळीच्या फाटकावर डबे घेऊन उभा होतो. आतून शेवटचं गीत ऐकू येत होतं, मला पाठ असलेलं. एक बाई आल्या, ओटीपी सांगितला, पिशवी घेतली, गेल्या. मी ऑर्डर आणली याचं मला काहीच वाटलं नाही. आत येता का, असं विचारावं हे कुणाच्या मनातही आलं नाही, हे मात्र लागलं. तुमचा वाद मागवावं की नाही यावर चाललाय. माझा प्रश्न आहे, मी तुमच्यातला असू शकतो हे तुम्हाला दिसतं का?

पहाटवारा

वाटेवरचा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. तरी मत सोडत नाही. एकट्यादुकट्याने मागवणं थांबवल्याने भागणार नाही, हे खरं. म्हणूनच कायदा हवा. जर्मनीत 1919 च्या वायमार घटनेतलं 139 वं कलम 1949 च्या मूलभूत कायद्यातही, म्हणजे तिथल्या आजच्या घटनेतही, कायम ठेवलं. रविवार हा कामापासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे, आणि बहुतेक दुकानं बंद असतात. सगळ्यांचा विसावा एकाच दिवशी असला की तो कुणाला एकट्याने भांडून मिळवावा लागत नाही.

वाटेवरचा

कायदा येईल तेव्हा येईल. मी निर्गम 16 वाचतो. रानात देवाने आधी सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना, म्हणजे आकाशातून दिलेलं अन्न, दिला आणि मग म्हटलं, सातव्या दिवशी गोळा करायला जाऊ नका. विसाव्याआधी पोटाची सोय केली. तुम्ही मला सातवा दिवस देताय. सहाव्या दिवसाचा दुप्पट वाटा कोण देणार?

रात्रपाळी

इतक्या चर्चेत मला हाच मुद्दा सगळ्यात शास्त्राला धरून वाटला. पहाटवारा, याचं उत्तर द्या.

पहाटवारा

देतो. जे अडलेलं नाही ते शनिवारी मागवायचं, आणि आणणाऱ्याच्या हातात रविवारचाही वाटा ठेवायचा. आमच्या गटात मी हे या आठवड्यापासून सुरू करतोय. दुसरं, ज्यांना रविवारी सकाळी जमत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या वेळेची उपासना ठेवा, असा अर्ज पाळकांकडे देतोय. वाटेवरचा, संध्याकाळी सात चालेल?

वाटेवरचा

सातला ऑर्डरींचा लोंढा असतो. पहाटे ठेवा, उजाडण्याआधी.

रात्रपाळी

पहाटे मी वॉर्डात असते. मला संध्याकाळच हवी.

पहाटवारा

अर्जात दोन्ही वेळा लिहितो.