मदत हवी आहे: परसबागेच्या संकेतस्थळावर ‘केळ’ शोधलं की ‘लाल कोळी’ येतो

साधारण ४०० लेख आहेत, सगळे मराठीत. डेटाबेस एसक्यूलाइट, शोधासाठी त्याचाच एफटीएस५ हा भाग, मजकुराचे शब्द पाडणारा टोकनायझर मूळचाच (युनिकोड६१). ‘केळ’ टाकलं की केळीच्या लेखांबरोबर लाल कोळी, काळी माती, कुळीथ असं सगळं येतं. ‘वड’, ‘पळस’, ‘गवत’ मात्र व्यवस्थित सापडतात. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

वड-पळस सापडतात यातच उत्तर आहे: त्यांत काना-मात्रा नाही. युनिकोड६१ फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपल्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये ‘एमएन’ आणि ‘एमसी’ या, अक्षराला जोडून येणाऱ्या चिन्हांच्या गटांत मोडतात, म्हणून तिथे शब्द तुटतो. ‘केळ’चे ‘क’ आणि ‘ळ’ असे तुकडे होतात, ‘कोळी’ आणि ‘काळी’चेही तेच. कुळीथात क, ळ, थ.

टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात एल*, एन*, सीओ (अक्षरं, अंक आणि खासगी वापराची चिन्हं) यांच्यापुढे एमएन आणि एमसी जोडा. हा पर्याय तक्ता तयार करतानाच ठरतो, त्यामुळे नुसतं ‘रीबिल्ड’ (सूची पुन्हा बांधण्याची आज्ञा) चालवून काही होणार नाही. एफटीएसचा तक्ता काढून नव्याने बनवा आणि लेख पुन्हा भरा. मग ‘एफटीएस५व्होकॅब’ तक्ता जोडून शब्दांची यादी पाहा. सुटा ‘क’ किंवा ‘ळ’ ढिगाने दिसला तर पर्याय लागू झालेला नाही.

ट्रायग्रॅम (तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणाऱ्या) टोकनायझरच्या वाटेला जाऊ नका. त्याला किमान ३ वर्णचिन्हं लागतात. ‘वड’ आणि ‘तण’ दोनच चिन्हांचे, ते कधीच सापडणार नाहीत.

प्रतिसाद २

मात्रा जोडल्यावर दुसरं दुखणं निघेल: ‘कीड’ शोधल्यावर ‘किडीचा बंदोबस्त’ असलेले लेख येणार नाहीत. सामान्यरूप होताना दीर्घाचा ऱ्हस्व होतो: कीड–किडीला, मूळ–मुळाला, ऊस–उसाला. म्हणून प्रत्येक लेखाचं एक वेगळं ‘शोधरूप’ तयार करून तेच एफटीएसमध्ये भरा; वाचकाला दिसणारा लेख जसाच्या तसा राहू द्या. शोधरूपात ई-ऊ आणि त्यांच्या मात्रा सरसकट ऱ्हस्व करा. वाचकाने टाकलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करायची. ती एकाच बाजूला केलीत तर दीर्घ ई-ऊ असलेले शब्द जुळणार नाहीत.

नंतर शब्दाच्या शेवटची मात्रा काढून पुढे तारा (*, म्हणजे ‘यापुढे काहीही चालेल’) लावा: आंबा → "आंब" *. तारा अवतरणचिन्हांच्या बाहेरच हवा. आत ठेवला तर टोकनायझर तो गिळून टाकतो. यात ‘आंबट’ आणि ‘आंबवणे’ही येतील, ‘फूल’मध्ये फुलकिडे येतील. म्हणून आधी पूर्ण शब्दाचे निकाल दाखवा, ताऱ्याचे त्यांच्याखाली.

धागाकर्ता

तक्ता नव्याने भरला, कोळी गेला! पण ‘पांढऱ्या माशीवर उपाय’ शोधलं की निम्मेच लेख येतात.

प्रतिसाद २

‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आणि एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) केलं तरी एक होत नाहीत. शोधरूपात एनएफसीनंतर सगळी जोडचिन्हं काढा आणि ‘ऱ’चा ‘र’ करा. मग ‘पांढरी’वरून निघालेला ‘पांढर’ही ‘पांढऱ्या’शी जुळतो.

प्रतिसाद १

समानार्थी शब्दांची छोटी यादीही ठेवा, ‘ऑर’ने जोडायची: मिलीबग–पिठ्या ढेकूण, कढीपत्ता–कडीपत्ता–गोडलिंब. आणि बीएम२५ने (लेख किती जुळतो ते मोजणाऱ्या सूत्राने) क्रम लावताना चढता क्रम ठेवा. त्याचे आकडे ऋण असतात. उतरता लावलात तर सर्वांत कमी जुळणारा लेख पहिला येईल.